धूर कोणाचा?

स्वयंपाकघरात धूर कोंडला म्हणजे घरातील प्रत्येकजण काही ना काही बोलतो. कोणी चुलीस नावे ठेवतो, कोणी लाकडास, कोणी वाऱ्यास, तर कोणी चुलीपुढे बसलेल्या बाईस. बोलत नाही ती एकटी तीच. कारण तिच्या तोंडावर पदर असतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत असते. हा धूर नेमका कोणाचा, त्याचा दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले त्यामुळे आम्हांस तो क्षुल्लक वाटेनासा झाला आहे. यास्तव आपल्या देवस्थानच्या महाजन कुटुंबांपुढे तो आम्ही अल्पमतीप्रमाणे मांडीत आहो.

आमच्या घरी गॅस आहे. सकाळचा चहा आणि संध्याकाळचे जेवण त्यावरच होते. तथापि देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक आणि स्नानाच्या पाण्याचा हंडा यांसाठी मागील पडवीतली मातीची चूल आजही पेटते. गेल्या आषाढात ही चूल एकाएकी धुमसू लागली. आई पहाटे सोवळ्याने चुलीपुढे बसे ती खोकतच उठे. चूल जुनी झाली, धुराडे बिघडले, असे आम्ही ठरवून टाकले आणि गवंड्यास बोलावणे पाठविले. गवंडी आला. त्याने धुराडे पाहिले, चूल पाहिली, आणि मग कोपऱ्यातल्या सरपणातून दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाज निघावयाचा तो निघाला नाही. ओल्या कापडावर काठी मारावी तसा बद्द आवाज झाला. चुलीत जळत असलेल्या लाकडाच्या टोकास फेस येत होता, त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "चुलीचं काही बिघडलेलं नाही, भटजीबाबा. हे लाकूड रडतंय."

आणि सरपण भरणे हे काम घरात आमचे होते. वडील देवळाच्या पूजेत, आई स्वयंपाकात, आणि वर्षाचे सरपण वैशाखाच्या आत आणून, फोडून, वाळवून पडवीत रचणे हे आमच्याकडे. ते आम्ही आज करू, उद्या करू म्हणत ज्येष्ठ उजाडेपर्यंत लांबविले. पावसाचे पहिले ढग दिसले तेव्हा घाईघाईने नुकतीच तोडलेली काजूची लाकडे आणून वळचणीखाली थेट जमिनीवर टाकली. आमच्या आळसाचा धूर आईच्या छातीत गेला. श्रावणात तिला डॉक्टरांकडे न्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "छे, आमच्या घरात कोणी नाही." त्यांनी पुन्हा विचारले, "मग स्वयंपाक कशावर होतो?" या दुसऱ्या प्रश्नावर आम्हांस मान खाली घालावी लागली.

त्या रात्री आम्ही वडिलांजवळ बसलो होतो. मनाचे समाधान करावे म्हणून आम्ही म्हणालो, "बाबा, गीतेतच सांगितले आहे ना, की अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म काही ना काही दोषाने वेढलेले असते? मग चूल म्हटली की धूर हा आलाच." वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुला तर्कसंग्रहातली आग आणि धूर आठवतात का?"

ज्यांनी हा ग्रंथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला ग्रंथ. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे आपण अनुमान करतो. कशावरून, तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हे आपण नेहमी पाहिलेले आहे. यास शास्त्रकारांनी दृष्टान्त दिला आहे तो स्वयंपाकघराचाच. परंतु हे अनुमान उलट करता येत नाही. जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे, असे म्हटले तर ते चुकते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा तप्त गोळा पाहावा. त्यात अग्नी आहे, परंतु धुराचा मागमूस नाही. मग धूर केव्हा होतो? अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग होतो तेव्हा. या ओल्या इंधनाच्या संयोगाला नैयायिकांनी 'उपाधी' असे नाव दिले आहे. धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे. तो उपाधीमुळे आलेला आहे.

वडील म्हणाले, "गीतेत जे सांगितले आहे ते, दोष दिसतो म्हणून आपले विहित कर्म टाकू नये, एवढ्यासाठी. दोष काढूच नये, असे तेथे कोणी सांगितलेले नाही. धूर आहे म्हणून चूल विझवू नकोस, हे एक. आणि धूर आहे तर असू दे, हे दुसरे. तू पहिल्याचा आधार घेऊन दुसरे करतो आहेस."

या एका वाक्याने आमच्या विचारास दिशा मिळाली. मनुष्याच्या हातून होणाऱ्या कर्मांत दोन प्रकारचे दोष असतात असे आम्हांस वाटते. एक सहज, म्हणजे त्या कर्माच्या पोटातच असलेला. दुसरा औपाधिक, म्हणजे आपल्या आळसाने, अज्ञानाने किंवा निष्काळजीपणाने त्यात शिरलेला. शेतकरी नांगर धरतो तेव्हा मातीतले जीव मरतात; हा पहिला दोष, तो नम्रपणे सोसावा लागतो. परंतु थकलेल्या बैलाला तो पराणीने टोचून रक्त काढील, तर तो दुसरा दोष होय, आणि त्यासाठी नांगराच्या धर्माकडे बोट दाखविता येणार नाही. नीतीचे बरेचसे अवघडपण या दोहोंतला भेद ओळखण्यात आहे. आपली सर्वसाधारण प्रवृत्ती मात्र अशी की दुसऱ्या प्रकारचे दोष पहिल्याच्या खात्यावर लिहून मोकळे व्हावे. "संसार म्हटला की असे चालायचेच" हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो, ते एकदा मोजून पाहावे.

आपल्या पूर्वजांनी चुलीस निर्दोष मानलेले नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. गृहस्थाच्या घरी नित्य हिंसा घडण्याची जी पाच स्थाने मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितली आहेत, त्यांत चूल पहिली. पुढे जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच स्थानी कळत-नकळत जे जीव दुखावतात त्यांच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ सांगितले. ज्यांनी चुलीत होरपळणाऱ्या किड्या-मुंगीचीही जबाबदारी गृहस्थावर टाकली, त्यांच्या वंशजांनी चुलीपुढे बसलेल्या आईचा श्वास हिशेबात धरू नये, हे कोणत्या धर्मात बसते?

आता थोडे व्यवहाराचे. कारण दोष औपाधिक आहे असे एकदा म्हटले की उपाधी कोणती ते शोधून काढण्याचे कर्तव्य आपोआप मागे लागते. या पाच-सहा महिन्यांत विचारून, वाचून आणि हात काळे करून आम्ही जे शिकलो ते असे.

पहिली उपाधी लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणी असू शकते. चांगले वाळले म्हणजे हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या खाली येते. पाण्यास उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ होण्यास लागते. म्हणजे पाच किलो ओले लाकूड चुलीत घातले तर त्यातले दोन-अडीच लिटर पाणी आधी आटवावे लागते. भाताच्या वाट्यास उष्णता येते ती त्यानंतर. मुळात लाकूड तापले म्हणजे त्यातून वाफा व वायू निघतात. पुरेशी उष्णता व पुरेशी हवा मिळाली तर तेच पेटून ज्वाळा होतात. न मिळाली तर तेच धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे धूर हे न जळलेले लाकूडच आहे. ज्याने जेवण शिजावयाचे तेच डोळ्यांत जाते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. येथे वैशाखानंतर लाकूड वाळवू म्हणणे व्यर्थ आहे. लाकूड आधी फोडावे, मग वाळवावे, कारण अखंड ओंडक्याच्या गाभ्यातील ओल वर्ष-वर्ष हलत नाही. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचावे, वरून झाकावे, परंतु बाजूंनी वारा खेळता ठेवावा. वाळलेल्या लाकडाच्या टोकास भेगा पडतात, ते हातास हलके लागते आणि आपटले तर खणखणते.

दुसरी उपाधी राख. चुलीत कालची, परवाची राख साचली म्हणजे लाकूड राखेत रुतते आणि त्याला खालून हवा मिळत नाही. मग आपण फुंकणीने फुंकत बसतो, आणि फुंकणाऱ्याच्या तोंडावरच धूर येतो. रोज सकाळी राख काढावी व लाकडाची टोके किंचित उंच टेकवावीत. एकाच वेळी चूल लाकडांनी गच्च भरणे हीही चूकच. दोन-तीन बारीक ढलप्या पुढे सरकवीत गेल्या तर ज्वाळा टिकते.

तिसरी उपाधी धुराडे. ओल्या लाकडाच्या धुराने त्यात डांबरासारखी काजळी चढते, मार्ग अरुंद होतो, आणि धुरास घरात येण्यावाचून गती राहत नाही. ही काजळी पेटली तर छपरासही धोका असतो. आमच्या धुराड्यातून सुंभाचा बोळा दोरीस बांधून वर-खाली ओढला तेव्हा घमेलेभर काजळी निघाली. धुराड्याचे तोंड आढ्याच्या खाली राहिले असेल तर छपरावरून वळणारा वारा त्यात उलटा शिरतो. ते आढ्याच्या वर दोन-तीन फूट असावे. पावसाळी सकाळी धुराडे थंडगार असते आणि धूर वर चढत नाही. अशा वेळी आरंभी एखादे वाळलेले चुडते भरभर जाळून ते तापवावे, मग लाकूड लावावे.

चौथी उपाधी बंद खिडकी. पावसाच्या झडीमुळे आपण सर्व दारे-खिडक्या लावून घेतो. परंतु धुराड्यातून हवा वर जावयाची तर खालून नवी हवा आत आली पाहिजे. तसेच चुलीस किंवा धुराड्याच्या सांध्यास भेग पडली असेल तर चिकणमाती व शेणाने ती लिंपून घ्यावी. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांची शेगडी निजण्याच्या बंद खोलीत कोणीही नेऊ नये. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निरुपद्रवी, असे नाही. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि त्याने निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो.

या साऱ्यात अवघड असे काय आहे? काहीही नाही. मग ते होत का नाही? आमच्या मते याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, नीतीत आहे. ज्याच्या हातात उपाय असतो त्याच्या डोळ्यांत धूर जात नाही, आणि जिच्या डोळ्यांत धूर जातो तिच्या हातात उपाय नसतो. सरपण पुरुष आणतो, धुराडे पुरुष बांधवितो, पैसा पुरुष देतो. आणि धूर बाई गिळते. ओटीवर बसलेल्याला तो आढ्यावरून निघणारी निळसर रेघ म्हणून दिसतो, आणि तो कदाचित त्यास सुंदरही म्हणतो.

या विषयावर देशात कष्ट घेतले गेले नाहीत, असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धूररहित चुलीची रचना करून 1953 साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 साली थांबला. पुढे ओडिशातील खेड्यांत सुधारित चुली वाटून एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी काही वर्षे पाहणी केली व 2012 साली निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र चुलींची निगा राखली गेली नाही, त्यांचा वापरही घटला, आणि लाभ नाहीसा झाला. चूल देता येते, परंतु चुलीची काळजी कोणी कोणास देऊ शकत नाही. ती रोज सकाळी स्वतः घ्यावी लागते. आम्हांस तर या निष्कर्षात एक धर्मवचनच दिसते.

काही वाचक म्हणतील, "आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर चुली फुंकल्या, त्यांस काय झाले?" त्यांस काय झाले हे कोणी विचारलेच नाही, हे याचे खरे उत्तर आहे. ज्या आजीस आपण 'दमेकरी' म्हणून ओळखत होतो तिचा दमा कोठून आला, हे आपण कधी शोधले का? घरातील अशा धुराने 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे अकाली मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील बालके 2 लाख 37 हजारांहून अधिक होती. सोसणाऱ्याने तक्रार केली नाही म्हणून सोसणे नव्हते, असे होत नाही. मौनास संमती समजणे सोयीचे असते खरे. परंतु जी सोय एकालाच मिळते ती न्याय्य असण्याचा संभव थोडा.

दुसरे कोणी म्हणतील, "मग चूलच मोडून टाका, गॅस आहे ना!" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला, हे पुण्यकार्यच झाले. चांगली चूलदेखील धुरापासून सर्वस्वी मुक्त नसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या घरास शक्य आहे त्याने रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा. नैवेद्यासाठी चूलच हवी की नको, हा निर्णय आमच्यासारख्या तरुणाने द्यावा असा नाही. वडीलधाऱ्यांनी तो विचारपूर्वक द्यावा. एवढेच नम्रपणे म्हणतो, की जो कोणी परंपरेसाठी चूल राखतो त्याने ती परंपरेइतक्याच निष्ठेने राखली पाहिजे. परंपरा आपली आणि धूर दुसऱ्याचा, अशी वाटणी देवासही मान्य होणार नाही.

येथे आम्हांस होमकुंड आठवते. समिधा निवडताना वडील प्रत्येक काडी हातात घेऊन पाहतात. ओली असली तर बाजूस ठेवतात. अग्नी धुमसत असताना आहुती देऊ नये, ज्वाळा नीट उठू द्यावी, हे त्यांनी आम्हांस लहानपणीच शिकविले. त्याच हातांनी आम्ही आईच्या चुलीपुढे ओली लाकडे नेऊन टाकली. देवाच्या अग्नीस कोरडी समिधा आणि आईच्या अग्नीस फेस गाळणारे लाकूड! दोन्ही अग्नी एकच, असे ज्या घरात रोज म्हटले जाते, त्या घरात हे घडले. ज्ञान नव्हते म्हणून घडले असे म्हणण्यासही आम्हांस जागा नाही. ज्ञान होते, ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले नव्हते, इतकेच.

यंदा माघातच आम्ही सरपण आणले. फोडून, फळ्यांवर रचून, चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोनदा उलथेपालथे केले. धुराडे दोन फूट वाढविले. रोज पहाटे चुलीतली राख काढण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले आहे, आणि पडवीची खिडकी आता पावसातही उघडी असते. आईचा खोकला गेला असे म्हणता येत नाही. काही गोष्टी उशिरा कळल्या तर त्या पूर्ण भरून येत नाहीत, ही शिक्षा आम्हांस मान्य केलीच पाहिजे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचे चुलीपुढचे बसणे आता पुष्कळ कमी केले आहे. हंडा आम्हीच तापवितो. पहिल्या दिवशी तिच्या पाटावर आम्ही चुलीपुढे बसलो आणि वाऱ्याच्या एका झोताने थोडा धूर आमच्या डोळ्यांत आला. ती मागून म्हणाली, "अरे, जरा बाजूला बस, डोळ्यांत जाईल." इतकी वर्षे हे वाक्य तिला कोणी म्हटले नव्हते.

सुज्ञ वाचकहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. धूर कोणाचा? अग्नीचा नव्हे, चुलीचा नव्हे, दैवाचाही नव्हे. ओले लाकूड ज्याने आणले आणि वाळविले नाही, त्याचा तो धूर. आपल्या घरात चूल असो वा नसो, कोठे ना कोठे काही धुमसत असतेच, आणि त्यापुढे कोणीतरी मुकाट्याने बसलेले असते. तेथे जाऊन लाकूड कोणी आणले होते एवढे एकदा आपणांसच विचारावे, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी कामास लागावे.